लाजाळू रुसत नाही, तिचं पाणी सरकतं

पुण्याच्या एका आईचा प्रश्न आहे. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत, ग्रिलच्या आत, लाजाळूची कुंडी ठेवलीय. नववीतली लेक आणि तिच्या मैत्रिणी येता-जाता तिला बोटं लावतात. आधी पान चटकन मिटायचं. आता रेंगाळत मिटतं, आणि काही पानं तर ढिम्म हलत नाहीत. झाड रुसलं, थकलं की आजारी पडलं? लेकीचा त्याच्या पुढचा प्रश्न असा: पुस्तकात तर वनस्पतींना चेतासंस्था नसते असं लिहिलंय, मग बोट लावल्याचा निरोप पानाला पोचवतं कोण? आणि त्यात भर म्हणून ‘झाडं किंचाळतात’ असा एक व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतोय, तो खरा का?

मी एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्यातली बरीचशी वर्षं प्रयोगशाळेच्या खिडकीत लाजाळूच्या कुंड्या सांभाळण्यात गेली. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी कुंडीबद्दल. झाड रुसलेलं नाही. ऊन कमी आणि बोटं जास्त, एवढंच झालं असण्याची शक्यता मोठी आहे. हे असं का होतं ते समजायला एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. झाडाला स्नायू नाहीत, सांधे नाहीत, हाडं नाहीत. त्याच्याकडे भांडवल दोनच गोष्टींचं: पाणी आणि वाढ. झाडाचा कुठलाही भाग हलताना दिसला की एक तर पेशींतलं पाणी इकडचं तिकडे गेलेलं असतं, नाहीतर एक बाजू दुसरीपेक्षा जास्त वाढलेली असते. पाण्याची हालचाल उलटवता येते, वाढीची येत नाही. पाठ्यपुस्तकात याला वृद्धी-असंलग्न आणि वृद्धी-संलग्न हालचाल म्हणतात. मुलं ते शब्द पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. मी विचारायचो, ‘पाणी सरकलं, का बाजू वाढली?’ हा प्रश्न मात्र कोणी विसरत नसे.

आता भिंग घेऊन लाजाळूच्या पानाचा देठ खोडाला चिकटतो ती जागा बघा. तिथे किंचित फुगीर गाठ दिसेल. तशीच पण अगदी बारीक गाठ प्रत्येक पर्णिकेच्या, म्हणजे पानातल्या प्रत्येक चिमुकल्या पानाच्या, बुडाशी असते. तिचं शास्त्रीय नाव पल्व्हायनस. मी वर्गात नुसतं ‘गादी’ म्हणायचो. या गादीच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या पेशी पाण्याने टम्म भरलेल्या असतात आणि दोन्हीकडून रेटा देऊन देठ तोलून धरतात. धक्का बसला की देठाच्या गादीतल्या खालच्या बाजूच्या पेशी आपल्यातलं पोटॅशियम आणि क्लोराइड भसकन बाहेर सोडतात. क्षार जातील तिकडे पाणी जातं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात पातेल्यात पाणी सुटतं, तोच नियम. खालची बाजू ढिली पडते, वरची टम्मच राहते आणि देठ खाली पडतो. पर्णिकांच्या गादीत उलटा प्रकार असतो. तिथे वरच्या बाजूचं पाणी जातं, म्हणून त्या वर उचलल्या जाऊन नमस्कार केल्यासारख्या जुळतात.

पडायला एक-दोन सेकंद पुरतात. उभं राहायला मात्र दहा ते वीस मिनिटं लागतात, कारण बाहेर गेलेले क्षार एकेक करून पंपाने परत आत ओढायचे असतात आणि त्या पंपांना ऊर्जा लागते. ती ऊर्जा येते साखरेतून, आणि साखर उन्हातून. दर वेळी बोट लावलं की झाड आपल्या गंगाजळीतून थोडा खर्च करतं, आणि पान मिटलेलं असेपर्यंत कमाईही घटलेली असते. म्हणून ग्रिलच्या सावलीतली लाजाळू दहाव्या वेळी मंद पडते. तिची तिजोरी रिकामी झालेली असते.

याचा फटका मला स्वतःला बसलाय. एका कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षेसाठी बाहेरून परीक्षक येणार होते. मी सहा उत्तम कुंड्या मांडून ठेवल्या होत्या. परीक्षक आले दोन तास उशिरा. तोवर पहिल्या दोन तुकड्यांनी सगळी झाडं चिवडून ठेवलेली. तिसऱ्या तुकडीची पाळी आली तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते, आणि जी पानं थकली नव्हती ती झोपली होती. एक मुलगा पान गदागदा हलवत होता आणि परीक्षक माझ्याकडे बघत होते. त्या मुलाला मी तोंडी परीक्षेत ‘हे का झालं?’ एवढंच विचारलं. त्याने बरोबर उत्तर दिलं.

आता निरोपाचं. चेतासंस्था नसते हे खरंच आहे. मेंदू नाही, मज्जारज्जू नाही, चेतापेशी नाहीत. पण वीज आहे. प्रत्येक जिवंत पेशीच्या पातळ आवरणाच्या आत-बाहेर विजेच्या दाबाचा थोडा फरक असतो. धक्का लागला की तो फरक क्षणभर कोसळतो, त्याने शेजारच्या पेशीचा कोसळतो, आणि लाट पुढे सरकते. झाडात ती मुख्यतः रसवाहिन्यांच्या, म्हणजे साखर वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या वाटेने जाते. लाजाळूत तिचा वेग सेकंदाला साधारण दोन-तीन सेंटिमीटर असतो. आपल्या वेगवान चेतातंतूंत तो सेकंदाला शंभर मीटरच्या घरात जातो. म्हणजे झाडाचा निरोप बैलगाडीने निघालेला, पण त्यामुळेच तो आपल्याला डोळ्यांनी बघता येतो. टोकाच्या पर्णिकेला हलकेच टिचकी मारा. टोकापासून देठाकडे जोड्या ओळीने मिटत येतात ना, तीच ती लाट.

पानाला जखम झाली तर गोष्ट निराळी. उदबत्तीचं जळतं टोक पर्णिकेच्या नुसतं जवळ नेलं, तरी ते पान मिटतंच, पण थोड्या वेळाने त्याच फांदीवरची शेजारची, कोणी हातही न लावलेली पानंही पडतात. (वर्गात हा प्रयोग मी वर्षातून एकदाच करायचो. घरी करू नका.) इथे विजेखेरीज दुसराही निरोप्या असतो. रिक्का नावाच्या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये लाजाळूचं खोड कापलं आणि दोन तुकडे पाण्याने भरलेल्या नळीने जोडले. खालच्या तुकड्याला इजा केली तर वरच्या तुकड्यातली पानं मिटली. मध्ये जिवंत पेशी एकही नव्हती, म्हणजे पाण्यातून काहीतरी रसायन गेलं असणार. २०२२ मध्ये जपानच्या सैतामा विद्यापीठातल्या संशोधकांनी पेशींतलं कॅल्शियम वाढलं की चमकेल अशी लाजाळू तयार केली. कॅल्शियमची लाट आणि विजेची लाट हातात हात घालून धावतात आणि गादीपाशी पोचल्या की पान पडतं, हे त्यांना कॅमेऱ्यात टिपता आलं. त्यांनी हलूच न शकणारी लाजाळूही बनवली आणि दोन्ही झाडांवर नाकतोडे सोडले. न हलणारं झाड नाकतोड्यांनी जास्त खाल्लं. लाजण्याचा उपयोग काय, याचं इतकं सरळ उत्तर त्याआधी कोणी दिलं नव्हतं.

विजेचा विषय निघाला की जगदीशचंद्र बोस आलेच. १८५८ चा जन्म, मूळचे पदार्थवैज्ञानिक, रेडिओ लहरींवरचं काम करता करता झाडांकडे वळले. वाढ दहा हजार पट मोठी करून दाखवणारं क्रेस्कोग्राफ हे यंत्र त्यांनी बनवलं आणि १९१७ मध्ये कोलकात्यात आपल्या संस्थेची स्थापना केली. त्यांची आवडती झाडं दोन: लाजाळू, आणि बंगालात ज्याला बोन चाँडाल म्हणतात ते. या दुसऱ्याच्या लहानग्या पर्णिका उबदार हवेत कोणी हात न लावता काही मिनिटांत एकेक फेरी पुरी करतात. बोसांना झाडात विद्युत स्पंद दिसले ते खरे होते. त्या काळी युरोपातल्या अनेकांनी नाकं मुरडली, पुढे तेच स्पंद पुन्हा पुन्हा मोजले गेले. पण झाडाला आपल्यासारख्याच चेता असतात, इथवर ते गेले. तिथे पुरावा त्यांच्यामागे आला नाही. आपल्याकडे ‘बोसांनी झाडांना भावना असतात हे सिद्ध केलं’ असं भाषणांत ठोकून देतात, त्याने त्या माणसाच्या मोजण्याच्या कौशल्याचा अपमान होतो असं मला वाटतं.

थकवा आणि सवय यांत मात्र फरक आहे. २०१४ मध्ये मोनिका गॅलियानो या संशोधिकेने लाजाळूच्या कुंड्या १५ सेंटिमीटरवरून मऊ फोमवर पुन्हा पुन्हा टाकल्या. काही वेळाने झाडांनी पानं मिटणं सोडून दिलं, पण निराळ्या तऱ्हेने हलवल्यावर पुन्हा मिटली. म्हणजे पंप थकले नव्हते. आणि महिनाभराने टाकून पाहिलं तेव्हाही त्यांनी फारशी दखल घेतली नाही. याला स्मरण म्हणावं का, यावर वाद आहे. त्याच संशोधकांचा वाटाण्याची रोपं ‘शिकतात’ असा २०१६ मधला दावा मात्र २०२० मध्ये दुसऱ्याने तसाच प्रयोग जास्त रोपांवर केला तेव्हा टिकला नाही. माझं मत विचाराल तर सवयीचा प्रयोग मला पटतो आणि ‘स्मृती’ हा शब्द खटकतो. तुमच्या लेकीला हे घरी तपासता येईल. एकच पान एकाच मऊ ब्रशने मिटेनासं होईपर्यंत गोंजारायचं, मग त्याच पानावर वरून पाण्याचा एक थेंब सोडायचा. मिटलं तर सवय, नाही मिटलं तर थकवा.

झोपेचं मघाशी निघालंच आहे. संध्याकाळ झाली की ‘झाडाला हात लावू नको, झोपलंय ते’ असं आजी सांगायची. तुळशीच्या बाबतीत तो भाव आहे, कारण तुळशीची पानं मिटत नाहीत. पण चिंच, शिरीष, टाकळा, आपटा यांच्याबाबतीत आजी शब्दशः बरोबर होती. टाकळ्याचं रोप रात्री आठला टॉर्च लावून बघा, पर्णिका गच्च जुळलेल्या दिसतील. मुंबईच्या रस्त्यांवरचे वर्षावृक्ष तर अंधारून आलं की भर दुपारीही मिटतात. हीही पाण्याचीच हालचाल आहे. त्याच गाद्या आणि तेच पोटॅशियम, फक्त सेकंदांऐवजी तास. सिकंदराच्या आरमारातल्या अँड्रोस्थेनीसने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात बहारीनच्या बेटावर रात्री पानं मिटणारं झाड पाहिल्याची नोंद आहे. ते बहुधा आपली चिंचच.

आणि हे नुसत्या अंधारामुळे होत नाही. द मेरां या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने १७२९ मध्ये लाजाळूसारखं एक झाड दिवसरात्र काळोखात ठेवलं. सूर्य दिसत नसतानाही त्याची पानं सकाळी उघडत आणि संध्याकाळी मिटत राहिली. झाडाच्या आत घड्याळ असतं याची ती पहिली चाहूल.

आता वाढीकडे. तुमच्या गॅलरीतली बाकी झाडं ग्रिलच्या बाहेर माना काढून उभी असतील. इथे पाणी सरकलेलं नाही, बाजू वाढलेली आहे. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोंबांवर हे तपासलं आणि १८८० मध्ये छापलं. कोंबाचं टोक काळ्या टोपीने झाकलं तर कोंब वळत नाही. टोक उघडं ठेवून खालचा भाग झाकला तर वळतो. म्हणजे प्रकाश बघतं टोक, आणि वाकतो खालचा भाग. मग मधे काहीतरी प्रवास करत असणार. ते काहीतरी नेदरलँड्सच्या फ्रिट्स वेंट यांनी १९२६ च्या सुमारास ओटच्या कोंबांच्या टोकांतून अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाच्या, ठोकळ्यांत गोळा करून दाखवलं. तेच ऑक्झिन, झाडाचं वाढीचं संप्रेरक. उजेड एका बाजूने आला की ऑक्झिन अंधाऱ्या बाजूला जास्त जमतं, त्या बाजूच्या पेशी जास्त लांबतात आणि शेंडा उजेडाकडे झुकतो. बहुतेक लोक समजतात की झाड प्रकाशाकडे ओढलं जातं. खरं तर अंधारातली बाजू त्याला ढकलते.

यात लेकीसाठी एक छान प्रयोग आहे. बुटांचे दोन खोके घ्या, प्रत्येकाला एका बाजूला रुपयाएवढं भोक पाडा. एका भोकावर निळा जिलेटिन कागद, दुसऱ्यावर लाल, दोन-तीन पदरी. आत मोड आलेल्या मुगाच्या वाट्या. दोन दिवसांनी निळ्या खोक्यातले मूग भोकाकडे वळलेले दिसतील, लाल खोक्यातले जवळजवळ नाहीत. वळण्यासाठी उजेड ओळखणारं प्रथिन निळ्या रंगाला प्रतिसाद देतं. ते १९९७ मध्ये हाती लागलं. त्याला फोटोट्रोपिन म्हणतात.

सूर्यफुलाबद्दल गैरसमज फार. लातूर-धाराशिवकडे सूर्यफुलाचं शेत बघितलेल्या कोणालाही विचारा, फुललेली फुलं सूर्याच्या मागे फिरत नाहीत. ती सगळी पूर्वेकडे तोंड करून उभी असतात. फिरतात ते कोवळे, कळीतले शेंडे. दिवसा खोडाची पूर्वेकडची बाजू जास्त वाढते, म्हणून तोंड पश्चिमेला जातं. रात्री पश्चिमेकडची बाजू वाढते आणि पहाटेच्या आत तोंड परत पूर्वेला येतं. सूर्य नसताना रात्री वळायचं, तर इथेही आतलं घड्याळ हवं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या संशोधकांनी हे २०१६ मध्ये उलगडून दाखवलं. फूल उमललं की खोडाची वाढ थांबते आणि वाढ थांबली की हालचालही थांबते, कारण ती हालचाल म्हणजेच वाढ होती. पूर्वेला तोंड करून थांबण्यात फायदाही आहे. सकाळचं ऊन मिळून फूल लवकर तापतं, आणि मुद्दाम पश्चिमेकडे वळवून ठेवलेल्या फुलांपेक्षा अशा फुलांवर सुमारे पाचपट मधमाश्या आणि इतर परागवाहक आले.

गुरुत्वाकर्षणाचं उदाहरण मला पुस्तकातल्यापेक्षा शेतातलं जास्त आवडतं. वादळी पावसात ऊस लोळतो. आठ-दहा दिवसांनी जाऊन बघा, आडव्या पडलेल्या उसाचे शेंडे कोपरात वाकवल्यासारखे पुन्हा वर उठलेले असतात. ही किमया पेऱ्याची. गवतकुळातल्या झाडांत पेऱ्यापाशी पेशी वाढीची ताकद राखून ठेवतात. खोड आडवं झालं की पेऱ्याची खालची बाजू जास्त वाढते आणि वरचा भाग उभा होतो. लोळलेल्या ज्वारी-गव्हातही हेच, पीक कोवळं असेल तर. निबर झालेलं ताट उठत नाही, वाढ संपलेली असते.

झाडाला खाली कुठे आहे ते कळतं कसं? मुळाच्या टोपीतल्या काही पेशींत स्टार्चचे जड कण असतात. बाटलीतल्या वाळूसारखे ते नेहमी तळाला बसतात. मूळ आडवं केलं की ते नव्या तळाला घरंगळतात आणि पेशीला दिशा समजते. थॉमस नाइट या इंग्रज बागायतदाराने १८०६ मध्ये रोपं पाणचक्कीवर बांधून गरगर फिरवली. मुळं चाकाच्या बाहेरच्या दिशेने गेली आणि शेंडे आत मध्याकडे. मुळं खाली जातात ती ओलाव्याच्या ओढीनेच, असा समज त्याने मोडला. ओलावाही ओढतो, पण तो दुसरा हिशेब.

आणि भुईमूग! माझ्या मते झाडांच्या हालचालीचा सगळ्यात सुंदर नमुना आपल्या शेतात आहे आणि आपण त्याचे दाणे कुटून चटणी करतो. फूल जमिनीच्या वर येतं, पिवळं, नाजूक. स्वतःचंच परागण करून कोमेजतं. मग त्याच्या बुडातून एक टोकदार दांडा निघतो आणि सरळ खाली जायला लागतो. शेतकरी त्याला आऱ्या म्हणतात. हा आऱ्या मूळ नव्हे. तो फुलाच्या बीजकोशाच्या बुडाची वाढ आहे, टोकाशी कोवळी बीजं घेऊन निघालेली. फुलाचा भाग असून तो मुळासारखा जमिनीकडे वळतो, माती फोडून आत शिरतो, आणि अंधार आणि मातीचा स्पर्श मिळाला की मगच खाली जाणं थांबवून आडवा होतो आणि शेंग भरायला लागतो. मातीपर्यंत न पोचलेला आऱ्या वाळून जातो. म्हणून फुलं लागल्यावर भुईमुगावरून रिकामा ड्रम फिरवतात, निमपसऱ्या जातींत विशेष: अधांतरी लोंबणारे आऱ्या जमिनीला टेकतात. म्हणूनच भुईमुगाला भुसभुशीत माती लागते, आणि आऱ्या सुटल्यावर कोळपणी करू नये म्हणतात. ड्रम फिरवणाऱ्या शेतकऱ्याला गुरुत्वानुवर्तन हा शब्द ठाऊक नसेल. पण कोणत्या दिवशी कुठली हालचाल अडखळते हे त्याला माझ्या बऱ्याच विद्यार्थ्यांपेक्षा नेमकं माहीत असतं.

वेलींचं थोडक्यात सांगतो. कारलं, काकडी, दुधी यांचे ताणे हवेत गोल फिरत आधार शोधतात. काठी लागली की स्पर्श झालेल्या बाजूची वाढ मंदावते, पलीकडची जोरात होते आणि ताणा गुंडाळला जातो. काकडीचा आधार धरलेला ताणा नीट बघा: अर्धा उजवीकडे पिळलेला आणि अर्धा डावीकडे, मधे एक सरळ तुकडा. दोन्ही टोकं बांधलेल्या दोरीला एकाच बाजूने पीळ घालता येत नाही, म्हणून ही उलटापालट. कळलावी तर पानाच्या टोकानेच पकडते. आणि लसूणघासात माजणारी अमरवेल चक्क वासावर जाते. तिच्याच एका जातीची रोपं टोमॅटोच्या वासाकडे वळतात, हे २००६ मध्ये दाखवलं गेलं. तिला हिरवी पानं नाहीत, उगवल्यावर काही दिवसांत जगायला दुसरं झाड मिळालं नाही तर मरण, त्यामुळे वाट चुकून चालत नाही.

सप्टेंबरात कासला गेलात तर फुलांच्या गालिच्याचे फोटो काढून झाल्यावर जरा वाका. जांभ्या दगडावरच्या ओलसर मातीत दवबिंदू नावाच्या कीटकभक्षी झाडाची लालसर रोपटी दिसतील. पानांवरच्या केसांच्या टोकांना चिकट थेंब असतात. किडा अडकला की आजूबाजूचे केस त्याच्याकडे वाकायला लागतात, सावकाश. आणि ज्या जांभळ्या-निळ्या इवल्या फुलांचे सगळे फोटो काढतात ती सीतेची आसवं वर दिसायला साधीभोळी आणि मातीखाली शिकारी असतात. त्यांच्या जमिनीतल्या तंतूंवर मोहरीहून बारीक पिशव्या असतात. झाड पिशवीतलं पाणी बाहेर उपसून आत दाब कमी करून ठेवतं. दारावरच्या केसाला सूक्ष्म जीव लागला की दार उघडतं आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. याच कुळातल्या पाण्यात राहणाऱ्या जातींवर वेगवान कॅमेऱ्याने मोजलं तर हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत उरकतं. झाडं संथ असतात असं म्हणणाऱ्यांना मी इथे घेऊन यायचो. अमेरिकेतल्या कॅरोलिनाची व्हीनस माशीपकड त्यापुढे आळशी. तिला सेकंदाचा दहावा भाग लागतो, आणि वीसेक सेकंदांत दोनदा स्पर्श झाला तरच ती मिटते, एका स्पर्शाला भीक घालत नाही. पावसाच्या थेंबाला फसून उगाच मिटलं तर पुढचे कितीतरी तास वाया, म्हणून. नत्र नसलेल्या हलक्या जमिनीत उगवणाऱ्यांची ही सगळी धडपड आहे.

राहिला किंचाळण्याचा व्हिडिओ. मूळ संशोधन खरं आहे, व्हिडिओवरचा मथळा खोटा आहे. तेल अवीव विद्यापीठातल्या गटाने २०२३ मध्ये टोमॅटो आणि तंबाखूच्या झाडांजवळ मायक्रोफोन ठेवले. पाणी तोडलेल्या किंवा खोड कापलेल्या झाडांतून तासाला तीस ते पन्नास टिकटिक आवाज आले, सुखात असलेल्या झाडांतून तासाला एकही नाही. आवाजाची पट्टी ४० ते ८० हजार हर्ट्झ, आपले कान वीस हजारांच्या पुढे बंद. पण हा आवाज बहुधा जलवाहिन्यांत हवेचे बुडबुडे धरून फुटण्याचा असावा. पाणी कमी पडलं की नळ्यांतला पाण्याचा ताण वाढतो आणि धार तुटते. नळाला पाणी येण्याआधी पाइप गुरगुरतो, त्याला आपण पाइप ओरडला म्हणत नाही. मात्र एखादा पतंग किंवा उंदीर तो आवाज ऐकून काही ठरवत असेल का, हा प्रश्न मला फार मोहक वाटतो. तसाच एक जुना प्रकार म्हणजे १९६६ मध्ये क्लीव्ह बॅक्स्टर यांनी झाडाला खोटं पकडणारं यंत्र जोडून ‘झाडाला मनातलं कळतं’ असा केलेला दावा. १९७५ मध्ये इतरांनी काळजीपूर्वक करून पाहिलं तेव्हा काहीच हाती लागलं नाही. तरी तो दावा दर दोन-तीन वर्षांनी नव्याने फॉरवर्ड होतो.

मग दुखतं का? दुखणं म्हणजे इजा कळणं आणि त्या कळण्याची कळ सोसणं, या दोन गोष्टी. पहिली झाडात नक्की आहे, आणि ती किती बारकाईने आहे ते वर आलंच. दुसरीसाठी जी यंत्रणा प्राण्यांत लागते तिचं झाडात काहीच सापडलेलं नाही. लेकीला एवढं सांगा: झाडाला कळतं, पण दुखत असल्याचा पुरावा नाही. ती म्हणेल ‘मग हात लावला तर काय बिघडलं?’ त्याचं उत्तर पोटॅशियमचा पंप.

आता कुंडी. ग्रिलमध्ये जिथे सकाळचं थेट ऊन चार-पाच तास तरी येतं तिथे ती हलवा. तीन दिवस कोणी बोट लावायचं नाही. माती हाताला ओलसर लागेल इतकं पाणी, पण ताटलीत साचू देऊ नका. चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला वरच्या, कोवळ्या पानांना टिचकी मारून बघा. खालची जुनी पानं मंदच राहतील, त्यांची उमेद संपलेली असते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सगळंच झाड सुस्तावतं, त्याची काळजी नको. एवढं करूनही हलेना तर झाड म्हातारं झालं असं समजा. कुंडीतली लाजाळू फार वर्षं जोमदार राहत नाही. चपट्या काटेरी शेंगांतल्या बिया काढून ठेवा. कवच टणक असतं, म्हणून कडक गरम पाण्यात टाकून रात्रभर तसंच ठेवायचं आणि सकाळी फुगलेल्या बिया अर्धा सेंटिमीटर खोल पेरायच्या. उरलेल्या बिया मात्र सोसायटीच्या बागेत किंवा टेकडीवर उधळू नका. लाजाळू मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली, आणि मोकळी जागा मिळाली की इथल्या गवताला जागा ठेवत नाही.